कुरआन ऑनलाइन शिकताय? आधी ऐकून घेणारं माणूस शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मागे ऑनलाइन शिकवण्यांवर एक लेख आला होता. त्यात गिटार होतं, कोडिंग होतं, गीतेचे श्लोक होते, इंग्लिश स्पीकिंग तर होतंच. लेख छान होता, पण आमच्याकडे रायगड-रत्नागिरीच्या बाजूला सध्या घरोघरी जी शिकवणी चालू आहे ती त्यात नव्हती, म्हणून हे पत्र. मोठ्या वयाची माणसं, जास्त करून बायका, फोनवरून कुरआन वाचायला शिकतायत. लॉकडाऊनमध्ये मदरसे बंद झाले तेव्हा मुलांचे क्लास फोनवर आले, मग मुलांच्या मागे बसून आया ऐकायला लागल्या आणि आता त्या स्वतः शिकतायत. मला याचा फार आनंद आहे आणि तेवढीच काळजीही आहे, दोन्ही लिहिते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. आम्ही कोकणी मुसलमान, घरात कोकणी, शाळा मराठी. माझ्या पिढीत खूप जणींचं मदरशात जाणं पाचवी-सहावीत सुटलं, कुणाचं गाव बदललं, कुणाचं लग्न लवकर झालं, कुणाला इंग्लिश मीडियमची बस सकाळीच पकडायची असायची. त्यामुळे नमाजपुरत्या सुरा (कुरआनचे अध्याय) पाठ आहेत पण मुसहफ, म्हणजे कुरआनची प्रत, उघडला की ओळ सरकत नाही, अशी बरीच माणसं आहेत. चाळिशीत, पन्नाशीत त्यांना वाटतं की आता तरी नीट शिकावं. मग मदरशात लहान मुलांच्या शेजारी बसायला संकोच वाटतो, मौलवीसाहेबांसमोर बायकांना मोकळेपणाने तोंड उघडता येत नाही, आणि फोन तर हातातच असतो. ऑनलाइनमुळे या माणसांना दार उघडलं, ही मोठी गोष्ट आहे. अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुप्पट सवाब, म्हणजे पुण्य, आहे ही हदीस (पैगंबरांचं वचन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे, ती मी प्रत्येक नवीन शिकणारीला आधी सांगते, कारण लाज ही पहिली अडचण असते.

आता काळजीचं. आमच्यात बहुतेक जण शाफई परंपरेचे आहेत आणि शाफई फिकहमध्ये, म्हणजे धर्मनियमांत, जमातीच्या नमाजमध्ये इमामाच्या मागे उभं असतानाही प्रत्येकाने स्वतः सूरे फातिहा, कुरआनची पहिली सुरा, वाचायची असते. बिस्मिल्लाह ही तिची पहिली आयत (वचन) धरली जाते. ७ आयती, त्यात १४ शद्द (अक्षर दुप्पट म्हणायची खूण), आणि एक शद्द सुटली तरी फिकहच्या किताबांत त्यावर चर्चा आहे, ‘इय्याक’ मधल्या शद्दबद्दल तर खास ताकीद आहे. म्हणजे नीट वाचणं हे फक्त नमाज पढवणाऱ्या कारीसाहेबांचं काम आहे आणि आपण मागे आमीन म्हटलं की झालं, असं आमच्याकडे चालत नाही, घरातल्या आजीपासून दुबईतल्या ड्रायव्हरपर्यंत प्रत्येकाला ते स्वतःच्या तोंडाने यायला लागतं.

आणि इथेच लोक देवनागरीचा आधार घेतात. बाजारात देवनागरीतला पंजसूरा (निवडक सुरांचं पुस्तक) मिळतो, यासीन, रहमान, वाकिआ या सुरा सगळ्या मराठी-हिंदी अक्षरांत, फोनवर पण पीडीएफ फिरतात. ज्याला काहीच वाचता येत नाही त्याला जवळ येण्यासाठी म्हणून मी समजू शकते, पण त्यावर थांबलं तर नुकसान आहे. अरबीत सीन, साद आणि से ही तीन वेगळी अक्षरं, देवनागरीत तिघांचा ‘स’. जाल, जे, जोय आणि बऱ्याचदा जाददेखील एकाच ‘ज’ मध्ये, फार तर खाली नुक्ता. मोठी ‘हे’ आणि छोटी ‘हे’ या दोन्ही अक्षरांचा ‘ह’. ऐनचा तर ‘अ’ होऊन जातो नाहीतर गायबच होतो. कुरआनचा मजकूर नुसत्या दुसऱ्या लिपीत छापायला अनेक उलेमा (धर्मपंडित) मना करतात ते यासाठीच. शिक्षिका म्हणून मी सांगते, ज्या मोठ्या माणसाला देवनागरी सफाईने वाचता येते त्याचे डोळे सोप्या ओळीकडेच जाणार, वरची अरबी ओळ नुसती शोभेला राहणार. म्हणून पहिल्या दिवसापासून देवनागरीची ओळ झाकून ठेवा, कागद लावा पाहिजे तर.

अरबी अक्षरं वाटतात तेवढी अवघड नाहीत. २८ मूळ अक्षरं, कायद्यात, म्हणजे अक्षरओळखीच्या पुस्तकात, हमजा वेगळा धरून २९. एकच अक्षर सुरुवातीला, मध्ये, शेवटी वेगळं दिसतं म्हणून लोक घाबरतात, ‘ऐन’ आणि ‘हे’ ही दोन अक्षरं सगळ्यात जास्त रूप बदलतात. पण आपल्याकडे ‘र’ नाही का, सूर्य मध्ये डोक्यावर, चक्र मध्ये पोटात, राष्ट्र मध्ये पायाशी, सुऱ्या मध्ये आणखी वेगळा, आणि सात वर्षांचं पोर ते सगळे र ओळखतं. मोठ्यांना का नाही जमणार. नूरानी कायदा, जो लुधियान्याच्या मौलाना नूर मुहम्मद यांनी तयार केला, तो याच क्रमाने जातो, आधी सुटी अक्षरं मग जोडलेली मग जबर-जेर-पेश (अ-इ-उ च्या खुणा) मग तनवीन (शेवटी न लावणारी), मद्द (स्वर लांबवणं), जजम (स्वर नसल्याची खूण), शद्द. कंटाळा येतो म्हणून लोक तो अर्ध्यावर टाकून थेट सुरांवर उडी मारतात, कारण सुरा पाठ असते आणि वाचल्याचा भास होतो. माझ्या जावेने पूर्ण कायदा हिज्जे करत केला, एकेक अक्षर जबर लावून जेर लावून, आणि आता तिच्यासमोर कधी न पाहिलेलं पान ठेवलं तरी ती हळूहळू का होईना वाचते. ही खरी कसोटी आहे, न पाठ असलेलं पान.

पण मला मुख्य बोलायचंय ते कानाबद्दल. फोनवर ऐकण्याचं सामान ढीगभर आहे आणि उत्तम आहे. इजिप्तचे महमूद खलील अल-हुसरी, यांची १९६१ साली पूर्ण कुरआनची मुरत्तल (संथ, स्पष्ट पठणाची) रेकॉर्डिंग झाली आणि अशी पूर्ण रेकॉर्डिंग जगात पहिलीच, ती आजही शिकणाऱ्याने ऐकावी इतकी स्वच्छ आहे. मुहम्मद सिद्दीक अल-मिन्शावी यांच्या एका रेकॉर्डिंगमध्ये ते एक आयत म्हणतात आणि मागून मुलं म्हणतात, घरात स्वयंपाक करता करता त्या मुलांबरोबर म्हणता येतं. कुरआन डॉट कॉमवर एकेका शब्दावर बोट ठेवून आवाज ऐकता येतो आणि मराठी तर्जुमाही आहे. हे सगळं घ्या. फक्त ते सगळं तुम्हाला ऐकवतं, तुमचं ऐकून घेत नाही. आता काही ॲप तुमचं वाचन ऐकतात म्हणे, तर हो, शब्द सुटला, आयत पुढे-मागे झाली तर दाखवतात आणि पाठांतराला त्याचा उपयोग आहे, पण तुमचा ‘ह’ घशाच्या तळातून आला की मधून, हे मला अजून माणसाच्या कानाशिवाय खात्रीने कुणी सांगितलेलं नाही. कुरआन-पठणशास्त्राचे मोठे जाणकार इब्न अल-जजरी, ज्यांचं निधन १४२९ साली झालं, त्यांच्या हिशोबाने अक्षरं निघायच्या १७ जागा आहेत, मखरज म्हणतात त्याला. त्यातल्या ३ एकट्या घशात आहेत. हमजा आणि छोटी ‘हे’ सगळ्यात खालून, छातीच्या बाजूने, ऐन आणि मोठी ‘हे’ मधून, गैन आणि खे वरून. हे पुस्तकात वाचून कळतं, तोंडातून यायला समोरच्याने चूक म्हणायला लागतं, पुन्हा म्हणा म्हणायला लागतं.

त्यातही मराठी जिभेच्या काही खास सवयी आहेत आणि त्या फक्त मराठी माणसाला ओळखून शिकवणाऱ्यालाच दिसतात. एक म्हणजे ‘फ’. आपण फळ, फणस म्हणताना दोन्ही ओठ मिटून हवा सोडतो, अरबी फे ला वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला टेकते, ‘फातिहा’ म्हणतानाच सुरुवात चुकते. दुसरं ‘व’. आपला व दात-ओठांचा, तिथला वाव दोन्ही ओठ गोल करून, फातिहाच्या शेवटचं ‘वलद्दाल्लीन’ म्हणताना आरशात बघितलं तर लगेच कळतं. ‘थ’ आपल्याला येतो म्हणून लोक से ला थ म्हणतात, तोही नाही, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागलं पाहिजे आणि हवा बारीक निघाली पाहिजे. त आणि द मात्र आपले दातांचे आहेत, तिथे मराठी माणसाला फुकटात बरोबर येतं, इंग्लिश मीडियमच्या पोरांना कधीकधी तेवढंही येत नाही.

आणि सगळ्यात लपलेली सवय म्हणजे शेवटची इ आणि उ. मराठीत शब्दाच्या शेवटी आलेली वेलांटी-उकार आपण लांबच म्हणतो, लिहितोही दीर्घ, कवी, गुरू, पाणी, वस्तू. आता तीच जीभ फातिहातल्या ‘नअबुदु’ ला जाते आणि शेवटचा दु लांबवते, ‘मालिकि’ चा शेवटचा कि ताणते. जेर-पेशचा एक ठोका असतो, मद्दचे किमान दोन, म्हणजे जिथे मद्द नाही तिथे आपण स्वतःच्या मनाने मद्द घातली. हे मला पहिलीच्या वर्गात उलट बाजूने माहीत होतं, कारण मुलांना शेवटचं दीर्घ लिहायला आम्हीच सांगतो. कराचीच्या किंवा कैरोच्या उस्तादांना हे कारण माहीत नसतं, ते नुसतं ‘छोटं करा, छोटं करा’ म्हणत राहतात आणि शिकणारीला कळत नाही की नक्की काय छोटं करू. कारण एका वाक्यात मराठीत सांगितलं की माझ्या डोळ्यांदेखत बायकांचं दुरुस्त झालंय.

म्हणून माझं म्हणणं असं की शिकवणारी व्यक्ती मराठी किंवा कोकणी समजणारी हवी. आज बहुतेक ऑनलाइन क्लास उर्दूत नाहीतर इंग्लिशमध्ये चालतात. उर्दू मीडियममध्ये शिकलेल्याला अक्षरं आधीच ओळखीची असतात, त्याचं काम अर्धं झालेलं असतं, आमच्या मराठी शाळेतल्या बाईला अक्षरही नवीन, समजावून सांगायची भाषाही अर्धी परकी, त्यात इख्फा, इदगाम, इकलाब, कलकला असे उच्चारनियमांचे शब्द एका दमात आले की ती पुढच्या आठवड्यात कॅमेरा बंद करून बसते आणि मग येतच नाही. शिवाय नावांचा घोळ. इथले उस्ताद जबर-जेर-पेश म्हणतात, बे-ते-से म्हणतात, अरब शिक्षक फतहा-कसरा-दम्मा आणि बा-ता-सा म्हणतात, गोष्ट एकच.

असाच घोळ छापाचा आहे आणि तो कुणी आधी सांगत नाही. आपल्याकडे घरात जो मुसहफ असतो तो भारत-पाकिस्तानी पद्धतीच्या लिखाणाचा, आणि फोनवर बऱ्याच ठिकाणी आधी उघडतो तो मदिनेतल्या किंग फहद कॉम्प्लेक्सच्या छापाचा, उस्मान ताहा यांच्या अक्षरातला, ६०४ पानांचा. मजकूर तोच, हर्फ तेच, पण खुणा वेगळ्या. आपल्याकडे ‘फी’ लिहिताना ये वर जजम असतो, मदनी छापात तो ये रिकामा असतो. तिथे जजमचा आकारही वेगळा, आणि जिथे मागच्या शब्दाला जोडून वाचताना अलिफ वाचायचा नसतो तिथे त्यांच्याकडे अलिफवर सादच्या डोक्यासारखी बारीक खूण, आपल्याकडे अलिफ नुसता. नवीन माणसाला वाटतं की आपण शिकलेलं सगळं चुकीचं होतं किंवा ॲपच चुकीचं आहे. दोन्ही नाही. सेटिंगमध्ये जाऊन इंडो-पाक निवडा आणि पहिलं वर्षभर तरी एकाच छापावर राहा, घरचा मुसहफ आणि फोन दोन्हीकडे तोच. फोनवर वाचताना वुजूच्या (हात-तोंड-पाय धुऊन शुद्ध होण्याच्या) बाबतीत अनेक उलेमा सवलत देतात, तुमच्या मौलवीसाहेबांना विचारून घ्या.

आता थोडं फोनच्या आवाजाबद्दल, कारण याचा विचार क्लास घेणारेही करत नाहीत. साधा फोन कॉल साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे पोचवायचा, जुन्या लाइनवर आजही तसंच, आणि स, श, फ सारख्या अक्षरांची जान त्याच्या वर असते. म्हणजे साध्या कॉलवर सीन आणि से मधला फरक उस्तादांपर्यंत पोचणारच नाही, ते बिचारे अंदाजाने बरोबर म्हणतात. इंटरनेट कॉलवर आवाज जास्त भरलेला जातो, पण तिथे नॉइज काढून टाकायची सोय चालू असते आणि ती ‘हे’, ‘खे’ या अक्षरांच्या हवेलाच नॉइज समजून कापते. झूममध्ये ओरिजिनल साउंड म्हणून पर्याय आहे, तो चालू करा, वायरवाला साधा इअरफोन लावा, पंखा बंद करा. दोघांनी एकदम म्हणायचं नाही, एकाचा आवाज दबतो. आणि मखरज शिकताना शक्य असेल तर तोंड दिसू द्या, बाईसमोर बाई असेल तर अडचण नाही, म्हणून शिकवायला आपाच हव्यात.

दुबई-शारजाहत व्हॉट्सॲपचा कॉल चालत नाही हे तिथे माणूस असलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे, पण व्हॉइस नोट जाते. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ तिथे स्टोअरमध्ये कामाला आहेत, ते ड्युटीवरून आले की तीन-चार आयतींची नोट पाठवतात, गावातल्या उस्तादांची दुरुस्ती सकाळी फजरच्या नमाजनंतर नोटमध्येच येते, ‘दुसऱ्या आयतीत गुन्ना (नाकातला आवाज) राहिला, नून थांबवून म्हणा’. व्हॉइस नोटचा फायदा असा की स्वतःचं वाचन पुन्हा ऐकता येतं आणि महिन्यापूर्वीचं आजच्याशी लावून बघता येतं. वेळ जमत नसेल त्यांना मी हाच मार्ग सांगते.

फीचं आणि जाहिरातींचंही लिहायला पाहिजे. रमजान जवळ आला की फोनवर जाहिरातींचा पाऊस पडतो, तीन दिवस फ्री ट्रायल, तीस दिवसांत तजवीद (शुद्ध पठणाचे नियम), घरबसल्या सर्टिफिकेट. ट्रायलला एक उस्ताद असतात, पैसे भरल्यावर दुसरेच येतात, महिन्याने तिसरे, आणि प्रत्येक जण पुन्हा अलिफपासून सुरू करतो. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी वर्षाचे पैसे एकदम भरले आणि क्लास दोन महिन्यांत बंद पडला, मेसेजला उत्तर नाही. महिन्याचे पैसे महिन्याला द्या. शिकवणाऱ्याला बिनधास्त विचारा की तुम्ही स्वतः कुणाकडे शिकलात, तुमचं वाचन कुणी ऐकून पास केलं. कुरआनच्या शिक्षणात सनद, इजाजत ही पद्धतच आहे, ज्याने दिली त्याने कुणाकडून घेतली हे मागेपर्यंत सांगता येतं, म्हणून विचारण्यात बेअदबी नाही, चांगला उस्ताद उलट खूश होतो. आणि लहान मुलांचा क्लास असेल तर फोन बैठकीच्या खोलीत, घरातलं मोठं माणूस ऐकू येईल इतक्या अंतरावर, दार बंद करून कधीच नाही. शिकवणारा कितीही नेक असो, हा नियम सगळ्यांना सारखा.

एक आणखी, घाई करू नका. आमच्यात पहिला खत्म, म्हणजे कुरआनचं पूर्ण वाचन, झाला की आमीनचा कार्यक्रम होतो, मिठाई वाटतात, मुलांसाठी ते छानच आहे, पण मोठ्यांनी ३० पाऱ्यांचं (कुरआनच्या भागांचं) टार्गेट ठेवून पळायची गरज नाही. कायदा झाला की फातिहा, मग शेवटचा पारा, अम्म, ज्यात ३७ लहान-मोठ्या सुरा आहेत आणि नमाजमध्ये रोज लागणाऱ्या बहुतेक त्यात आहेत. कौसर आणि अस्र तर तीन-तीन आयतींच्या. त्या एका पाऱ्यावर सहा महिने गेले तरी रोजची नमाज दुरुस्त होते, याहून जास्त काय पाहिजे नवीन शिकणाऱ्याला.

संपादक साहेब, आपला पेपर आमच्या गावातल्या मोहल्ल्यात, मुंबईत डोंगरी-कुर्ल्यात आणि मोबाइलवर कुवेत-कतारपर्यंत वाचला जातो, म्हणून आपल्यामार्फत गावोगावच्या जमातींना (समाजाच्या मंडळांना) विनंती करते. प्रत्येक तालुक्यात हाफिज (पूर्ण कुरआन पाठ असलेले) आहेत, आलिमा (धर्मशिक्षण पूर्ण केलेल्या) झालेल्या मुली आहेत, लग्न होऊन घरी बसलेल्या, कोकणी-मराठी बोलणाऱ्या. त्यांना दिवसाचे दोन तास ऑनलाइन शिकवायला सांगा, त्याचं रीतसर मानधन द्या, फुकटात सेवा म्हणून नको, आणि एका बॅचला चार-पाचच जणी घ्या म्हणजे प्रत्येकीचं ऐकून होईल. झूमचा फ्री कॉल चाळीस मिनिटांत तुटतो, तेवढा वेळ पाच जणींना पुरतो. कायद्यातले नियम सोप्या मराठीत दोन-चार पानांत लिहून द्या, त्यात वर सांगितलेले फ, व आणि शेवटचे इ-उ जरूर घ्या, लिहायला मी मदत करायला तयार आहे. आणि बॅच दिवाळीनंतर लगेच सुरू झाल्या तर बरं, म्हणजे मे महिन्यात मुंबईकर आणि आखातातले लोक सुट्टीवर गावी येतील तोवर कायदा संपलेला असेल आणि प्रत्येकाचं वाचन एकदा समोर बसून ऐकून घेता येईल.

आपली नियमित वाचक,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. म्हसळा, जि. रायगड